तेलाचा विषय तहकूब

नाशिकमध्ये कोण काय जपून ठेवेल याचा नेम नाही. कुणी पैठणी जपतं, कुणी द्राक्षाची बाग, कुणी आजोबांच्या वेळचं तांब्याचं घंगाळ. पण लोखंडी गेटचा गंज जपण्यासाठी अकरा वर्षं भांडलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या समोरच्या दारात राहत होता. आमची सोसायटी गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, बारा बिऱ्हाडांची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिथे राहायला गेलो आणि पहिल्याच सभेत सेक्रेटरी कोण होणार या प्रश्नावर सगळे पुरुष आधी एकमेकांकडे, मग छताकडे आणि शेवटी माझ्याकडे बघू लागले. मी बँकेत नोकरीला, म्हणजे मला कागद सांभाळता येतात, असा त्यांचा हिशेब होता. कागद मी सांभाळले. गेट मात्र मला शेवटपर्यंत सांभाळता आलं नाही. हे गेट म्हणजे मोटारींच्या मोठ्या फाटकाशेजारचं माणसांसाठीचं छोटं फाटक. त्याच्या खालच्या बिजागरीत काय बिघाड होता कोण जाणे, पण ते उघडताना असा काही उंच, धारदार, लांबलचक आवाज करी की पाटीवर उलटी पेन्सिल घासल्यासारखे दात शिवशिवत. घरी आलेले पाहुणे आधी कानांवर हात ठेवत आणि मग नमस्कार करत.

समोरचे सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. पत्नी आम्ही येण्यापूर्वीच गेलेल्या, मुलगी लग्न होऊन पुण्याला. दुपारी तीन वाजता ते आपल्या बाहेरच्या खोलीत मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवत. त्यांचं वैर जगात एकाच गोष्टीशी होतं, ती म्हणजे गाइड. एकदा त्यांनी मला गाइडमधलं एक पान दाखवलं. क्रीक, ग्रेट, रास्प, जार, स्क्रीच अशी पाच क्रियापदं एकाखाली एक आणि पाचांसमोर एकच अर्थ: कर्कश आवाज करणे. सरांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला होता. म्हणाले, "म्हणजे पुरणपोळीचा अर्थ गोड पदार्थ, श्रीखंडाचा अर्थ गोड पदार्थ आणि जिलबीचाही अर्थ गोड पदार्थ. मग वाढा पानात काहीही." त्यांचं म्हणणं असं, की ज्या भाषेत करकर वेगळी, कुरकुर वेगळी, खरखर वेगळी आणि किरकिर वेगळी, त्या भाषेतल्या पोराला पाच आवाजांतला फरक कळत नाही हे मानायलाच ते तयार नाहीत. पोराला कान आहे, फक्त गाइडने त्यात बोळा घातला आहे. शब्द ऐकून अंगावर काटा आला नाही, तर तो शब्द पाठ झाला, कळला नाही, असं ते सारखं म्हणत. या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण वाद घालणाऱ्याच्या वाक्यातलं क्रियापद ते आधी तपासत.

काट्याची सोय आमच्या गेटने केली होती. जिल्हाभर हिंडून जे सापडलं नसतं ते अस्सल 'स्क्रीच' सरांना सोसायटीच्या वर्गणीत मिळालं होतं. शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाने गेट स्वतः उघडायचं, स्वतः लावायचं, आणि जिन्यावर पाऊल टाकण्याआधी त्या दिवसाचं वाक्य म्हणायचं असा नियम होता. सोमवारी वर्तमानकाळ, मंगळवारी भूतकाळ, शुक्रवारपर्यंत गाडी 'हॅड बीन स्क्रीचिंग'वर येई. अठरा मुलं, अठरा वेळा उघडणं, अठरा वेळा लावणं. एखाद्याचा काळ चुकला तर त्याने परत बाहेर जाऊन पहिल्यापासून यायचं. सर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून हा सोहळा ऐकत आणि मान डोलवत. नव्या मुलाने घाईघाईने गेट ढकललं तर वरून आवाज येई, "हळू. त्याला बोलू दे."

बाकीच्या क्रियापदांसाठी त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात कानस, पॉलिश पेपरचा तुकडा, दात पडलेला कंगवा, नारळाची जुनी खवणी आणि कुठल्याशा कपाटाची निघालेली बिजागरी होती. मुलांनी डोळे मिटायचे, सर डब्यातली एक वस्तू वाजवणार, मुलांनी क्रियापद सांगायचं. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू असला की आमच्या खिडक्यांची तावदानं खडखडत. सर धडा थांबवून बोट वर करत आणि म्हणत, "रॅटल. हे सरकारकडून फुकट." एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षाने शालिमारला जात होते. अशोकस्तंभापाशी रिक्षावाल्याने ब्रेक दाबला आणि सर एकदम सरळ बसले. त्याला म्हणाले, पुन्हा दाबा. त्याने दाबला. आणखी एकदा, जरा वेग घेऊन. तिसऱ्या वेळी रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, काकांना दवाखान्यात न्यायचंय का?" सर त्याला शांतपणे म्हणाले की ब्रेक चांगला आहे, पण आमच्या गेटची सर नाही.

सहलीचीही गोष्ट सांगायला हवी. एका वर्षी सरांनी मुलांची सहल जाहीर केली. पालकांना वाटलं त्र्यंबकेश्वर असेल, नाहीतर वणी. आयांनी पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधून दिली, मुलांनी बॅट-बॉल घेतले. सरांनी सगळ्यांना लाल एसटीत घालून मालेगावला नेलं आणि एका ओळखीच्या कारखानदाराच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये तासभर उभं केलं. 'क्लॅटर' हे क्रियापद एवढ्या संख्येने एका ठिकाणी दुसरीकडे ऐकायला मिळणार नाही, असा त्यांचा विचार होता, आणि तो खराच होता. विणकरांना वाटलं पोरं कामाला लावायला आणली आहेत, म्हणून त्यांनी आधी सरांना चांगलंच फैलावर घेतलं. पण यंत्रमागाच्या खडखडाटात ते काय बोलत आहेत हे सरांना ऐकू आलं नाही, त्यामुळे सरांनी ते स्वागत समजून हात जोडले. पुऱ्या त्या शेडबाहेर बसूनच खाल्ल्या गेल्या. त्या बॅचमधला एक मुलगा आता इंजिनियर आहे. भेटला की अजून सांगतो, क्लॅटर म्हटलं की मला बटाट्याच्या भाजीचा वास येतो.

या सगळ्याची झळ एकाच माणसाला बसत होती. तळमजल्यावर, गेटला लागून, सटाण्याचे एक कांद्याचे व्यापारी राहत. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना पहाटे उठून जीपने मार्केट गाठत, बारापर्यंत लिलाव उरकून घरी येत, जेवत आणि आडवे होत. त्यांचा डोळा लागायची वेळ आणि सरांच्या वर्तमानकाळाची वेळ एकच होती. पहिल्या वार्षिक सभेतच त्यांनी गेटला तेल घालण्याचा विषय आणला. एक कुपी तेल, दोन मिनिटांचं काम, तेल माझं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. सर उठले आणि त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं, त्यातली पंधरा इंग्रजीत. सभेला इंग्रजीचा धाक पडला. मी इतिवृत्तात लिहिलं: विषय क्रमांक चार, गेटला तेल घालणे, पुढील सभेपर्यंत तहकूब. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तिसऱ्याही. नानांचा राग फार चढला की ते मराठीतून अहिराणीत शिरत. एका सभेत ते सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हाई गेट शे का डाकीण शे?" सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "डाकीणही स्क्रीचच करते, नाना. उदाहरण उत्तम आहे." दुसऱ्या दिवशी ते त्यांनी फळ्यावर लिहिलं, खाली नानांचं नाव घालून.

सेक्रेटरी या नात्याने मी हे प्रकरण दोन मिनिटांत मिटवू शकले असते. मिटवलं नाही, त्याला कारण होतं. एका सभेनंतर मी सरांना जरा वैतागूनच विचारलं होतं की एका क्रियापदासाठी एवढा हट्ट कशाला. ते माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, की खेड्यातून मॅट्रिक होऊन ते पहिल्या मुलाखतीला गेले होते. समोरच्या साहेबाने सहज एक शब्द टाकला, स्क्रीच, आणि वाक्य करायला सांगितलं. यांना अर्थ पाठ होता, कर्कश आवाजात ओरडणे. यांनी ताठ उभं राहून वाक्य केलं: माय मदर स्क्रीचेस मी टु डिनर विथ मच लव्ह. साहेब हसला. शेजारचा हसला. चहा घेऊन आलेला शिपाई, ज्याला इंग्रजी येत नव्हतं, तोही ते दोघं हसताहेत म्हणून हसला. नोकरी गेली त्याचं सरांना काही नव्हतं, नोकऱ्या पुढे मिळाल्या. "पण माझी आई फार हळू बोलायची हो," सर म्हणाले. "मी तिला त्या खोलीत नेऊन तिचं हसं करून घेतलं." मग त्यांनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. माझ्या हातून कुणी पोर असं हसं करून घ्यायला बाहेर जाणार नाही, एवढंच ते म्हणाले आणि गेले. मला पुढे बरेच दिवस नानांच्या डोळ्यांकडे बघणं जड गेलं, पण मी तेलाचा विषय तहकूबच लिहीत राहिले.

शिवाय मी सरांची थोडी उपकृतही होते. आमच्या शाखेचं लोखंडी शटर रोज सकाळी जिवावर बेतल्यासारखं ओरडे. मी वरिष्ठ कार्यालयाला तीन इंग्रजी पत्रं लिहिली होती, शटर आवाज करतं म्हणून. एकालाही उत्तर नव्हतं. सरांनी चौथं पत्र वाचलं, 'मेक्स नॉइज' हे दोन शब्द लाल शाईने खोडले आणि वर एकच शब्द लिहिला. आठवड्यात मेकॅनिक आला. तो बहुधा त्या पत्रामुळे आला नसावा, कारण तो भिंतीवरच्या घड्याळासाठी आला होता आणि आलाच आहे तर म्हणून त्याने शटरही बघितलं. पण हे मी सरांना कधी सांगितलं नाही. पुढे प्रत्येक बॅचला ते माझं उदाहरण देत: योग्य क्रियापद वापरलं तर बँकसुद्धा हलते.

शतक बदललं आणि कॉलेज रोडला क्लासेसच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या. सरांची अठरा मुलं नऊ झाली, मग पाच. गेटचा नियम तोच होता, पण त्यात एक नवीन गोष्ट आली. सर आता गॅलरीत थांबत नसत. खाली येऊन गेटपाशी उभे राहत, एक हात गेटच्या वरच्या दांड्यावर ठेवत आणि मुलाला सांगत, तोंड माझ्याकडे करून उघड. मला वाटलं, वय झालं की शिस्त वाढते. हळूहळू ध्यानात आलं की सरांच्या दाराची बेल वाजवली तर ते येत नाहीत, दार धडधडवलं तर येतात. देवळालीच्या तोफा त्यांना ऐकू येत, अजून बोट वर करून रॅटल म्हणत. पण समोरच्या आंब्यावर कोकीळ ओरडत असली आणि मी काही म्हटलं, तर ते नुसते हसत. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलत. उंच आवाज आधी जातात, असं मला माझ्या सासऱ्यांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे सरांचं नेमकं तेच क्रियापद गेलं होतं, ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं लढले.

ही गोष्ट नानांच्याही लक्षात आली. एका दुपारी ते माझ्याकडे आले. रविवार होता, शिकवणीला सुट्टी होती आणि मी घरी होते. नाना कधी नव्हे ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ताई, मी भांडायला नाय आलो. सरांना आता गेटचं काही ऐकू येत नाय. मग कुणासाठी बोंबलायचं ते? माझं बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणतो दुपारी झोपा." यात खोटं काही नव्हतं. सर वाचनालयात गेले होते. मी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली, नानांनी खाली बसून बिजागरीत तेल सोडलं, दोघांनी मिळून गेट पंधरावीस वेळा पुढेमागे केलं. सुरुवातीला ते कण्हलं, मग कुजबुजलं आणि मग गप्प झालं. अकरा वर्षांचं काम खरोखरच दोन मिनिटांत झालं. नानांनी रुमालाला हात पुसले आणि आम्ही काही चोरून खाल्ल्यासारखे आपापल्या घरी गेलो. सरांना कळणार नाही, मग त्यांना दुखणारही नाही, असं मी स्वतःला समजावलं. सभा न घेता केलेलं हे माझ्या कारकिर्दीतलं एकमेव काम.

पाच वाजता सर परत आले. मी खिडकीत होते. त्यांनी गेटवर हात ठेवला, ढकललं आणि थांबले. परत मागे ओढलं, परत ढकललं. मग तळहाताकडे बघितलं आणि जिना चढून माझ्या दाराशी आले. चपला काढल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तेल कोणी घातलं?" मी दचकून जे बोलू नये तेच बोलले. म्हटलं, सर, तुम्हाला कसं कळलं? ते माझ्या ओठांकडे बघत होते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा नीट दिसलं. ते म्हणाले, "हाताला कळलं. दोन वर्षं झाली, ते गेट मी हातानंच ऐकतो." मग म्हणाले, "आणि पोरांच्या चेहऱ्यावर बघतो. ती डोळे बारीक करतात, खांदे आकसतात, तेव्हा मला कळतं, आलं क्रियापद. आता ती काय आकसणार?" आवाज चढवला नाही, रागावलेही नाहीत. समोर जाऊन दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना थेट वर बोलावलं, गेटपाशी कुणी थांबलं नाही.

तेल घालणं सोपं, काढणं महाकर्मकठीण. मी बिजागरी रॉकेलने धुतली, मग सोड्याच्या पाण्याने, मग ऑफिसला जाताना रोज तांब्याभर मिठाचं पाणी तिच्यावर ओतू लागले. येणारेजाणारे मला काहीतरी व्रत असावं असं समजून बाजूने जात. चौथ्या की पाचव्या दिवशी मी तांब्या घेऊन खाली गेले तर बिजागरी आधीच ओली होती. नाना ओट्यावर लोटा घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतक्या वर्षांची सवय. गप्प गेटनं मला जास्तच जाग येते. वाटतं पोरं आली का नाय." त्यानंतर सकाळी मी आणि दुपारी नाना, अशी पाळी लागली. महिन्याने गेट पहिल्यांदा बोललं, पण जाड, दमलेलं, म्हाताऱ्या खाटेसारखं. मी सरांचं दार धडधडवून त्यांना खाली आणलं. त्यांनी दांड्यावर हात ठेवला, मी गेट उघडलं. ते हसले आणि म्हणाले, "हा क्रीक. वाईट नाही. पण मुक्कामाला अजून अवकाश आहे."

मुक्काम यायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर सरांकडे एकच मुलगी उरली होती, पेठ तालुक्यातून शिकायला आलेली, मावशीकडे राहून दहावी करणारी. तिला गेटचा नियम कुणी सांगितला नव्हता, कारण नियम बंद होता. एके दिवशी तीन वाजता तिने ते नेहमीसारखं ढकललं आणि आमचं जुनं गेट पूर्ण उंच, पूर्ण धारदार किंचाळलं. नाना झोपेतून उठून दारात आले. मी अर्ध्या रजेवर होते, गॅलरीत धावले. सर खालीच होते, वाचनालयातून येऊन चपलेतला खडा काढत वाकलेले. त्यांना काही कळलं नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना त्या मुलीचा चेहरा दिसला. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात कानांवर, खांदे वर, दप्तर घसरून कोपरावर आलेलं. सर तिच्याकडे बघत उभे राहिले. मग एक चप्पल पायात आणि एक हातात, असे गेटपाशी गेले आणि तिला म्हणाले, "वाक्य कर, बाळ." तिने एक हात कानावरून काढला आणि कसंबसं म्हटलं, "द गेट... स्क्रीच्ड." सरांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं आणि मान डोलवली, पूर्वी गॅलरीत डोलवत तशी. नाना दारातून आत गेले. झोपले असतील असं वाटत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सर गेले. मुलगी पुण्याहून आली, घर आवरलं, पुस्तकं वाचनालयाला दिली आणि बिस्किटांचा डबा मला दिला. यात काय आहे तिला कळेना, तिला वाटलं बाबांनी हत्यारं जमवली होती. मी तो माळ्यावर ठेवला आहे, कधी साफसफाईला काढला की आतली बिजागरी आपोआप वाजते आणि मी त्या आवाजाचं क्रियापद आठवायचा प्रयत्न करते. त्या वर्षीच्या सभेत पंख्याच्या वाऱ्यात कागद धरून मी नेहमीप्रमाणे विषय वाचत गेले. विषय क्रमांक चार आला, दरवर्षी छापला जातो म्हणून छापला गेला होता. गेटला तेल घालणे. सरांची खुर्ची रिकामी होती आणि विरोध करायला आता कुणी उरलं नव्हतं. सगळे नानांकडे बघू लागले, कारण विषय त्यांचा. नानांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "राहू द्या पुढच्या वर्षी." मी पेन उचललं आणि इतिवृत्तात लिहिलं, तहकूब.